शाळातपासनीस आणि त्यांची परीक्षा

शाळेंत इन्स्पेक्टरसाहेब यावयाचे असले म्हणजे कशी धांदल उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. भिंतींवर नवे तक्ते लागतात, फळे काळेभोर होतात आणि एरवीं गडबड करणारे वर्गही चिडीचूप बसतात. परंतु जे इतरांची परीक्षा घेतात, त्यांस तें काम कोण शिकवितो, त्यांचें काम कशावरून जोखावें आणि त्यांस बढती कशी मिळते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत सरकारी शाळातपासनीस प्रथम १८३९ सालीं नेमले गेले. तेव्हां ते अवघे दोघे होते. तपासणी ही हुकमत गाजविण्यासाठीं नसून साह्य करण्यासाठीं आहे, असें १८४० सालच्या सूचनांत त्यांस स्पष्ट बजावलें होतें. मात्र या कामासाठीं निराळें विद्यालय नव्हतें. प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नोल्ड हे १८५१ सालीं तपासनीस झाले, ते त्यापूर्वीं एका सरदाराचे खाजगी चिटणीस होते. शाळाशाळांतून हिंडून आणि पुढें फ्रान्स, जर्मनी वगैरे देशांतील शाळा पाहूनच ते आपलें काम शिकले.

१८६२ सालीं मात्र नवा नियम झाला. वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत मूल उत्तीर्ण झालें, तर शाळेस ८ शिलिंग मिळावयाचे. एक विषय बुडाला कीं २ शिलिंग ८ पेन्स कमी! त्यामुळें तपासनीस मार्गदर्शक न राहतां हिशेबनीस झाला आणि शिक्षक घोकंपट्टीच्या मागें लागले. आर्नोल्ड यांनीं नोकरींत असतांनाच या पद्धतीविरुद्ध लेख लिहिला. तरीही ते १८७० सालीं वरिष्ठ व १८८४ सालीं मुख्य तपासनीस झाले. १८९० नंतर ती पद्धति हळूहळू मोडली. एडमंड होम्स या दुसऱ्या मुख्य तपासनिसांनीं तर १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत तिच्या दुष्परिणामांवर कडक टीका केली.

मुंबई इलाख्यांत १८५५ सालीं शिक्षणखातें निघालें आणि खेडोपाडीं ‘दिपोटी’ हिंडूं लागले. निकालावरून अनुदान देण्याची चाल येथेंही कांहीं काळ होती. आज महाराष्ट्रांत केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा चढत्या पायऱ्या आहेत. कांहीं जागा बढतीनें, तर कांहीं स्पर्धापरीक्षेनें भरतात.

आमच्या लहानपणीं एका शाळेंत तपासणीच्या दिवशीं कच्च्या मुलांस घरीं बसविण्यांत येई. आमच्या बाकावरील सोबतीही असाच घरीं राहिला. साहेबांनीं उत्तम शेरा दिला. पण ज्याला त्यांच्या साह्याची खरी गरज होती, तो त्यांच्या दृष्टीसही पडला नाहीं. तपासनिसानें किती शाळा पाहिल्या, यापेक्षां त्याच्या भेटीनंतर अशा एखाद्या मुलाचें पाऊल पुढें पडलें कीं नाहीं, हीच त्याची खरी परीक्षा होय. म्हणून विद्यार्थ्यांनो, पुढील तपासणीच्या दिवशीं अवश्य शाळेंत या. आणि पालकहो, मूल अभ्यासांत कच्चें असेल तर त्यास आवर्जून पाठवा.