ऐंशी टक्के ब्लॉक, पण घाई कशाची?

अँजिओग्राफी होते, नातेवाइकांना आत बोलावून पडद्यावरची अरुंद झालेली रक्तवाहिनी दाखवली जाते आणि एक आकडा कानावर पडतो : ऐंशी टक्के ब्लॉक. तिथून संमतीपत्रावरच्या सहीपर्यंत कित्येकदा पाच मिनिटंही लागत नाहीत. झटका आलेला असेल तर ही घाई रास्तच आहे. तेव्हा रक्ताच्या गुठळीने नळी बंद पडलेली असते, हृदयाचा स्नायू मरत असतो आणि तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. पण जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं आणि गेले कित्येक महिने त्रास तेवढाच आहे, अशा ‘स्थिर अंजायना’च्या रुग्णालाही तीच घाई लावली जाते. तिला पुराव्याचा आधार नाही.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. त्यानंतर तीस वर्षांनी ‘करेज’ चाचणीत २,२८७ स्थिर रुग्णांची तुलना झाली. निम्म्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी, निम्म्यांना नुसती नेटकी औषधं. मृत्यू किंवा झटका टाळण्यात फरक दिसला नाही. औषधं सुधारली, नळी उघडी धरणारे स्टेंट सुधारले, म्हणून प्रश्न पुन्हा विचारला गेला. भारतासह ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवरच्या ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची ताकद फारच खालावलेले रुग्ण मात्र या चाचणीत नव्हते. त्यांचा निर्णय वेगळा.

ऐंशी टक्के बंद नळी उघडून फायदा होत नाही, हे पटायला अवघडच आहे. आपल्या डोक्यात चित्र असतं ते तुंबलेल्या मोरीच्या पाइपचं. रक्तवाहिनीचा आजार तसा नसतो. चरबीचे थर अनेक ठिकाणी साचलेले असतात आणि झटका येतो तो त्यातला एखादा थर अचानक फुटून त्यावर गुठळी जमली की. फुटणारा थर सर्वांत मोठाच असतो असं नाही. पडद्यावर किरकोळ दिसलेली जागाही दगा देते. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर सांभाळतो, तर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सगळ्याच रक्तवाहिन्यांवर काम करते.

मग छातीतल्या दुखण्याचं काय? हा आक्षेप वजनदार आहे. ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांना गुंगी देऊन, कानांवर हेडफोन लावून टेबलवर घेतलं. निम्म्यांना स्टेंट घातला, उरलेल्यांना घातल्याचा नुसता देखावा केला. आधीच भरपूर औषधं चालू असलेल्या या रुग्णांच्या व्यायामक्षमतेत सहा आठवड्यांनी म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ मध्ये अंजायनाच्या गोळ्या बंद ठेवल्या, तेव्हा स्टेंटने त्रास स्पष्टपणे कमी झाला, जरी निम्म्याहून अधिक जणांचा तो पूर्ण गेला नाही. म्हणजे ज्याला गोळ्या सोसत नाहीत किंवा पुरत नाहीत, त्याने स्टेंट जरूर घ्यावा. पण तो त्रास कमी करण्यासाठी आहे, हे सहीआधी त्याला सांगायला हवं.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा : ‘लोक गोळ्या घेत नाहीत हो, स्टेंट टाकला की काम झालं.’ हे तर उलटंच आहे. स्टेंटनंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चुकवून चालत नाहीत. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पुढेही अ‍ॅस्पिरिनसारखी एक गोळी आणि स्टॅटिन बहुधा कायमचीच. खरी अडचण पैशांच्या वाटेत आहे. २०१७ मध्ये केंद्राने औषध सोडणाऱ्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, हे चांगलंच झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीही होते. पण महिन्याच्या गोळ्या, तंबाखू सोडवणारा समुपदेशक, रक्तदाबाची नियमित तपासणी यांसाठी बहुतेकांना स्वतःच्याच खिशात हात घालावा लागतो. दहा मिनिटं बसून समजावणाऱ्या डॉक्टरला त्या दहा मिनिटांचे पैसे कोणी वेगळे देत नाही, स्टेंट टाकण्याचे मात्र देतात.