फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन?
लेखमाला : निदानानंतर – भाग ७

रायपूरजवळच्या बीरगांवच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे. तिच्या जाऊबाईंच्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला आणि कर्करोगाचं निदान झालं. काखेत हाताला काही लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "फक्त गाठ काढून नंतर सिकाई, म्हणजे किरणोपचार करता येतील, किंवा पूर्ण स्तन काढता येईल. विचार करून सांगा." घरी सासूबाई, दीर, नवरा, सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं : "सगळंच काढून टाका, मागे काही राहायला नको." जाऊबाई गप्प आहेत. भगिनीचा प्रश्न असा, की डॉक्टर आम्हालाच ठरवायला सांगतात, म्हणजे त्यांनाच खात्री नाही का?

खात्री आहे, म्हणूनच ते विचारतात. जीव वाचण्याच्या बाबतीत एक मार्ग सरस ठरला असता, तर डॉक्टरांनी तोच सांगितला असता. लवकर सापडलेल्या गाठीत दोन्ही मार्गांनी आयुष्य सारखंच लाभतं, आणि हे चांगलं पन्नास वर्षं तावून-सुलाखून सिद्ध झालेलं आहे.

ही खात्री सहज आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. रोग एका जागेपासून सलग पसरत जातो, म्हणून जितकं जास्त कापाल तितकं सुरक्षित, असा त्यामागचा विचार होता. पुढची सत्तरेक वर्षं जगभर तीच शस्त्रक्रिया झाली. बायका वाचल्या, पण छातीच्या फासळ्या दिसाव्यात इतकं शरीर गमावून आणि आयुष्यभर सुजलेला हात घेऊन. "सगळंच काढून टाका" हे आपल्या घरात ऐकू येणारं वाक्य त्याच जुन्या विचारातून आलेलं आहे, आणि ते प्रेमापोटी म्हटलं जातं हेही खरं.

इटलीत मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून हा विचार तपासून पाहिला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेत काही लागत नाही, अशा ७०१ स्त्रिया त्यांनी घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी केली. अर्ध्यांची हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया झाली, अर्ध्यांच्या स्तनाचा फक्त गाठ असलेला भाग काढून वर किरणोपचार दिले. वीस वर्षांनी हिशेब मांडला. शस्त्रक्रियेच्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण स्तन राखलेल्यांत ८.८ टक्के होतं, काढलेल्यांत २.३ टक्के. पण स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे चारात एक असंच, म्हणजे जवळपास सारखं निघालं. परत आलेली गाठ वेळेवर सापडली की तेव्हा पूर्ण स्तन काढता येतो, आणि जीव वाचेल की नाही ते बहुतेक वेळा स्तनात काय उरलं यावर ठरत नाही. रोगाच्या पेशी आधीच रक्तातून फुफ्फुसात, हाडांत, यकृतात गेल्या होत्या का, यावर ते ठरतं. त्यांच्यावर औषधं चालतात, सुरी चालत नाही. ही आकडेवारी जुन्या काळातली आहे. आजच्या औषधांमुळे दोन्ही मार्गांचे निकाल पुष्कळच सुधारले आहेत.

अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १,८५१ स्त्रियांचा असाच अभ्यास केला. त्यात तीन गट होते : पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या. वीस वर्षांनी तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखं होतं. मात्र किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली, घेतलेल्यांत १४.३ टक्क्यांना. माझ्या मते आजच्या भागातला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे. स्तन राखायचा असेल तर सिकाई हा त्या उपचाराचा अर्धा भाग आहे. शस्त्रक्रियेनंतर "आता बरं वाटतंय, सिकाईचं पुढे पाहू" असं म्हणणं म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणं.

हे परदेशातल्या बायकांचं झालं, आपल्याकडे काय, असं कुणी विचारेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८० ते २००० या वीस वर्षांत स्तन राखून उपचार घेतलेल्या १,०२२ स्त्रियांचा अभ्यास डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या या स्त्रिया. त्यांच्यातही हा उपचार खात्रीचा ठरला.

आता सासूबाईंच्या भीतीकडे वळू. "मागे काही राहिलं तर?" ही भीती रास्त आहे आणि तिची व्यवस्था करूनच हे ऑपरेशन होतं. गाठ एकटी काढत नाहीत, भोवतालच्या निरोगी ऊतींची कड तिच्यासोबत काढतात. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला शाई लावून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या नसतील तर कड स्वच्छ. पोहोचल्या असतील तर पुन्हा थोडा भाग काढावा लागतो, आणि कधी कधी शेवटी पूर्ण स्तनही. ही शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी आणि तुम्हीही ती आधीच विचारायला हवी. डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या पेशी तरीही उरतात, त्यांच्यासाठी सिकाई.

सिकाईबद्दल इतके समज ऐकू येतात की त्यावर थांबायलाच हवं. किरण घेताना दुखत नाही. डोक्याचे केस त्याने जात नाहीत, ते किमोथेरपीने जातात. यंत्राखालून उठलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत, ती त्याच दिवशी नातवाला कडेवर घेऊ शकते. त्वचा काळवंडते, कधी सोलते, थकवा येतो, आणि काही आठवड्यांत हे ओसरतं. गाठ डाव्या बाजूला असेल तर हृदय वाचवण्यासाठी श्वास भरून धरायला शिकवतात. पूर्वी हे पाच-सहा आठवडे चालायचं. आता बहुतेक ठिकाणी पंधरा-सोळा वेळा, म्हणजे सुमारे तीन आठवडे, आणि निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा देतात. काहींना गाठीच्या जागेवर आणखी थोडे दिवस जादा मात्रा लागते. वयस्क स्त्रीची लहान, हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असेल तर कधी सिकाईशिवायही भागतं, पण ते तज्ज्ञानेच ठरवायचं.

बस्तरच्या एखाद्या गावातली बाई जेव्हा म्हणते, "रोज कुठे येऊ, सगळंच काढा," तेव्हा मला तिच्याशी वाद घालवत नाही. तीन आठवडे शहरात राहायचं कुठे, शेत कोण पाहणार, हे तिचे प्रश्न खरे आहेत. पण बीरगांवची गोष्ट वेगळी आहे. रायपुरात आंबेडकर रुग्णालयाचं, म्हणजे आपल्या मेकाहाराचं कर्करोग केंद्र आहे, टाटीबंधला एम्स आहे, नवा रायपूरला बालको मेडिकल सेंटर आहे. किरणोपचार तिन्ही ठिकाणी होतात. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी सांभाळणाऱ्या घरालाही रोजचं येणं-जाणं जमवता येईल. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. बाई स्वतः कारखान्यात कामाला असेल आणि तिचा ईएसआयचा विमा असेल, तर दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीची अट पूर्ण झाल्यावर कर्करोगासाठी दीर्घ मुदतीची रजा आणि मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. म्हणून अंतर आणि पैसा यांच्या धास्तीने इथे कुणी घाईने स्तन काढू नये.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. पूर्ण स्तन काढला की किमो आणि सिकाई दोन्ही टळतात, असं बरेच जण धरून चालतात. किमो लागणार की नाही हे गाठीच्या स्वभावावर आणि काखेतल्या ग्रंथींवर ठरतं, शस्त्रक्रियेवर नाही. ग्रंथींत रोग सापडला, विशेषतः चार किंवा अधिक ग्रंथींत, तर स्तन काढल्यावरही छातीवर सिकाई बहुधा द्यावी लागते. सिकाई टळावी म्हणून स्तन दिला आणि अहवाल आल्यावर सिकाईही घ्यावी लागली, तर त्या बाईला काय वाटत असेल?

काहींच्या बाबतीत मात्र पूर्ण स्तन काढणंच योग्य. एकाच स्तनात वेगवेगळ्या भागांत गाठी असतील, मॅमोग्राफीत संशयास्पद चुन्याचे कण सगळीकडे विखुरलेले असतील, छातीवर आधी किरण दिलेले असतील, त्वचा आकसवणारा स्क्लेरोडर्मासारखा आजार असेल, वारंवार कापूनही कड स्वच्छ येत नसेल, किंवा गरोदरपणामुळे सिकाई वेळेत देता येणार नसेल. बीआरसीए जनुकात दोष आढळला तर वेगळा विचार करावा लागतो. गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल तर आधी किमो देऊन ती लहान करतात आणि मग स्तन राखता येतो का पाहतात. आणि ज्या बाईला शांत डोक्याने वाटतं की स्तन नकोच, रोज आरशात पाहून धास्तावण्यापेक्षा ते बरं, तिचाही निर्णय पूर्ण योग्य आहे. तिला "भित्री" म्हणण्याचा कुणालाही हक्क नाही.

बाईला असा निर्णय स्वतः घेण्याची मुभा नेहमीच नव्हती. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतही बाईला भूल देण्याआधीच सही घेत. तपासणीत कर्करोग निघाला की त्याच भुलीत स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून तिला काय झालं ते कळे. रोझ कुशनर या पत्रकार बाईंना १९७४ मध्ये गाठ आढळली, तेव्हा त्यांनी अशा सहीला नकार दिला, आणि पुढे हा प्रघात मोडण्यासाठी झटल्या. आज तपासणी वेगळ्या दिवशी होते, निर्णयाला वेळ मिळतो, यात त्यांचा मोठा वाटा आहे. निदानानंतर एक-दोन आठवडे विचार करण्यात गेले तर रोग हातचा जात नाही. महिने मात्र घालवू नयेत.

तेव्हा बीरगांवच्या ताई, तुमच्या जाऊबाईंना एकदा एकटीने डॉक्टरांपुढे बसू द्या. सोबत हवी असेल तर ती कुणाची, हेही त्यांनाच ठरवू द्या. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सर्जनबरोबरच किरणोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटा आणि चार गोष्टी विचारा : माझा स्तन राखण्याजोगा आहे का, सिकाई किती दिवस आणि कुठे, कड स्वच्छ न आल्यास पुढे काय, आणि स्तन काढला तरी सिकाई लागण्याची शक्यता किती. उत्तरं कागदावर लिहून घ्या. मग त्या जे म्हणतील, त्याला घराने होकार द्यावा.

पुढच्या आठवड्यात काखेतल्या ग्रंथींच्या तपासणीविषयी आणि हाताला येणाऱ्या सुजेविषयी लिहीन.