इंजिनाच्या नावापुढे यंत्राचे नाव

१९७४मध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा झाली. सोव्हिएत ‘काइस्सा’ने चारही डाव जिंकले. तेव्हा प्रोग्राम आणि संगणक वेगळे काढून कुणी पाहत नसे. १९८०ला लिंझमध्ये हीच स्पर्धा जिंकलेले ‘बेल’ तर खास बुद्धिबळासाठीच बांधलेले यंत्र होते. सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती तपासणारे. त्याचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी बेलला बेलशीच खेळवले. फरक एवढाच, की एक बाजू एक अर्धचाल अधिक खोल पाहायची. तीच बाजू सातत्याने वरचढ ठरली. वेग वाढला की खोली वाढते आणि खोलीबरोबर ताकद, हे त्यातून मोजून दिसले.

मग प्रोग्रामचे श्रेय किती आणि यंत्राचे किती? या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडली ती स्वीडनमधली हौशी मंडळी. त्यांच्या एसएसडीएफ या संघटनेने १९८०च्या दशकात गुणांकनाची यादी सुरू केली. ४० चालींना दोन तास, म्हणजे एकेक डाव तासन्‌तास चालायचा. दोन यंत्रे शेजारी ठेवायची, एकाची चाल पाहून हाताने दुसऱ्याला द्यायची. पुढे पीसी केबलने जोडता आले आणि हे कष्ट सुटले. यादीत प्रत्येक इंजिनापुढे, म्हणजे प्रोग्रामपुढे, प्रोसेसर लिहिलेला असे. तेच इंजिन जुन्या यंत्रावर एक गुणांकन मिळवी, नव्यावर दुसरे. मला ही साधी नोंद गाजलेल्या सामन्यांपेक्षा मोलाची वाटते.

कारण सामने चकवतात. १९९५ला हाँगकाँगमध्ये साध्या पेंटियमवरच्या ‘फ्रिट्झ’ने डीप ब्लू या बुद्धिबळ-यंत्राच्या पूर्वरूपाला हरवले. दोनच वर्षांनी त्या घराण्यातल्या, सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असे नमवले. हाँगकाँगचा तो एक डाव पाहून दोन वर्षांनंतरचे भाकीत कुणी केले असते?

खरी कोंडी डिसेंबर २०१७ची. स्वतःशीच खेळून शिकलेल्या, न्यूरल जाळ्यावर चालणाऱ्या ‘अल्फाझीरो’ने ‘स्टॉकफिश ८’ या अव्वल पारंपरिक इंजिनाला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी आणि एकही पराभव नाही असे हरवले. अल्फाझीरो चार टीपीयूंवर, म्हणजे न्यूरल जाळ्यांसाठीच्या खास चिपांवर, सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाही, स्टॉकफिश सीपीयूच्या ६४ थ्रेडवर सुमारे ७ कोटी. वेगाची जुनी मोजपट्टीच कोलमडली. स्टॉकफिशला हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायची जागा, फक्त १ जीबी दिला होता, शिवाय चालीला ठरावीक एक मिनिट. त्यामुळे कठीण जागी जास्त वेळ घेण्याचे त्याचे कसब वाया गेले. टीका रास्त होती. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात अटी सुधारल्या. १००० डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ गमावले, तेव्हा निकालाला वजन आले.

तरी टीपीयू आणि सीपीयूची बरोबरी कशी धरायची हे सुटले नाही. किंमत समान धरावी, की वीज? अल्फाझीरोच्या धर्तीवरचे ‘लीला’ ग्राफिक्स कार्डावर आणि स्टॉकफिश सीपीयूवर, असेच टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत दोघांना खेळवले गेले. २०१९मध्ये लीलाने १५व्या हंगामाची अंतिम लढत साडेत्रेपन्न-साडेसेहेचाळीस अशी जिंकली. मग जपानी शोगी इंजिनांसाठी यू नासू यांनी रचलेले एनएनयूई हे हलके न्यूरल जाळे स्टॉकफिशमध्ये आले. सप्टेंबर २०२०च्या ‘स्टॉकफिश १२’ला त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

स्टॉकफिशचा रोजचा बदल मात्र २०१३पासून ‘फिशटेस्ट’वर, जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर पारखला जातो. तिथे आधी प्रत्येक यंत्राचा वेग मोजतात आणि त्या प्रमाणात घड्याळ कमी-जास्त करतात. संथ यंत्राला जास्त वेळ मिळतो.