डिकन्स ऑन द स्ट्रँड

डिकन्स ऑन द स्ट्रँड हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन शहरात दरवर्षी डिसेंबरच्या आरंभी शनिवार-रविवारी भरणारा नाताळ उत्सव आहे. या काळात शहराच्या स्ट्रँड या जुन्या व्यापारपेठेत एकोणिसाव्या शतकातील लंडनचे वातावरण उभे केले जाते. गॅल्व्हस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन ही ना-नफा संस्था उत्सवाचे आयोजन करते व त्याचे उत्पन्न वास्तुजतनाच्या कार्यासाठी वापरते. ओस पडलेल्या इमारतींकडे लोकांचे लक्ष वेधणे हा उत्सवाचा मूळ हेतू होता.

पार्श्वभूमी

गॅल्व्हस्टन हे मेक्सिकोच्या आखातातील एका बेटावर वसलेले बंदर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ५३,७०० होती. एकोणिसाव्या शतकात येथून कापसाची मोठी निर्यात होत असे आणि १८८० मध्ये ते टेक्सासमधील सर्वाधिक लोकसंख्येचे शहर होते. बंदराला समांतर असलेल्या स्ट्रँड मार्गावर बँका, घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढ्या व गोदामे उभी राहिली. विटांच्या भिंती आणि ओतीव लोखंडाचे खांब असलेला दर्शनी भाग हे तेथील अनेक इमारतींचे वैशिष्ट्य होय.

८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या चक्रीवादळात किमान ६,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर समुद्राच्या बाजूने संरक्षक भिंत बांधण्यात आली व शहराच्या मोठ्या भागाची जमीन भराव घालून उंचावण्यात आली. मात्र १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजमार्ग खुला झाल्यावर सागरी व्यापार तिकडे वळला. वाढ खुंटल्याने स्ट्रँडवर नव्या बांधकामाची मागणी राहिली नाही; त्यामुळेच अनेक जुन्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा वापर मुख्यतः गोदामांपुरता उरला होता आणि अनेक वरचे मजले रिकामे पडले होते.

उगम

१८३९ मधील सॅम्युएल मे विल्यम्स यांचे घर वाचवण्याच्या निमित्ताने १९५४ मध्ये फाउंडेशनला सध्याचे स्वरूप मिळाले. १९७० च्या दशकात संस्थेने स्ट्रँडसाठी फिरता निधी उभारला. या पद्धतीत संस्था धोक्यात आलेली इमारत विकत घेते आणि दुरुस्तीची व दर्शनी भाग जतन करण्याची अट खरेदीखतात घालून ती खाजगी खरेदीदारास विकते. परत आलेली रक्कम पुढील इमारतीसाठी वापरली जाते. अशा योजनेस खरेदीदार मिळण्यासाठी लोकांनी आधी ही पेठ पाहणे आवश्यक होते. त्याच काळात येथे एका संध्याकाळपुरता डिकन्स उत्सव सुरू झाला व पुढे तो शनिवार-रविवारचा झाला. १९७६ मध्ये स्ट्रँड परिसरास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

स्वरूप

उत्सवाच्या दिवसांत मार्ग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. राणी व्हिक्टोरियाच्या वेशातील व्यक्तीची मिरवणूक, नाताळगीते गाणारे गट, बॅगपाइपवादक, जादूगार, खाद्यपदार्थांचे ठेले व हस्तकलेच्या वस्तूंची विक्री ही त्याची प्रमुख अंगे आहेत. अनेक प्रेक्षकही व्हिक्टोरियन पोशाखात येतात. अशांना प्रवेशशुल्कात सवलत देण्याची प्रथा आहे. व्यवस्थेचा मोठा भार स्वयंसेवक उचलतात.

डिकन्सशी संबंध

इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये व १८६७-६८ मध्ये अमेरिकेत आले होते, परंतु ते टेक्सासला गेले नाहीत. मार्गाचे नाव लंडनमधील स्ट्रँड या रस्त्यावरून आले आहे. इमारतींचा काळ आणि डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) या कथेमुळे रूढ झालेली नाताळची प्रतिमा हे उत्सवातील इतर दुवे होत. डिकन्स यांचे वंशजही उत्सवास उपस्थित राहिले आहेत.

या काळाची दुसरी बाजूही स्ट्रँडशी निगडित आहे. येथील कापसाचा व्यापार १८६५ पर्यंत गुलामांच्या श्रमावर आधारलेला होता. टेक्सासमधील गुलामांच्या मुक्ततेचा लष्करी आदेश १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन येथेच जारी झाला. त्याच्याशी संबंधित ऑस्टरमन इमारत स्ट्रँड व बाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. ती आज अस्तित्वात नाही. हा दिवस जूनटीन्थ म्हणून पाळला जातो व २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे.

आइक चक्रीवादळ व जतनाचे प्रश्न

१३ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या आइक चक्रीवादळात बंदराच्या बाजूने पाणी शिरून स्ट्रँडवरील इमारतींचे तळमजले बुडाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्सव भरवण्यात आला. खारे पाणी ओतीव लोखंडाला गंज चढवते. २००९ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेने गॅल्व्हस्टनच्या ओतीव लोखंडी वास्तुकलेचा समावेश देशातील सर्वाधिक धोक्यातील अकरा स्थळांच्या यादीत केला. बेट सखल असल्याने पुराचा धोका कायम आहे. त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती पुरेशी ठरत नाही व जतनासाठी निधीची गरज सतत राहते.

हे सुद्धा पहा

गॅल्व्हस्टन
चार्ल्स डिकन्स
जूनटीन्थ
१९०० चे गॅल्व्हस्टन चक्रीवादळ