इगतपुरी: परभणीच्या पाण्याचा घाटमाथा

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या स्टेशनात तपोवन एक्स्प्रेस पकडणारा माणूस गाडी न बदलता सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोचतो. परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक रोड मागे पडतात. कापूस-सोयाबीनचं सपाट रान संपतं, भातखाचरं सुरू होतात आणि इगतपुरीला डोंगर थेट रुळांच्या शेजारी येऊन उभे राहतात. मराठवाड्यातले बहुतेक प्रवासी मात्र खिडकीतून एक नजर टाकतात आणि कल्याण-ठाण्याचा हिशेब मांडू लागतात. इथे उतरतात ते पाठीवर सॅक लावलेले डोंगरभटके. सुट्टीच्या दिवशी पहाटे नाशिककडून रस्त्याने सायकलस्वारांच्या रांगा येतात, त्या वेगळ्याच.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचं हे तालुक्याचं गाव घडलं ते चढणीमुळे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढून इथवर आली ती १८६५ साली. सुमारे १५ किलोमीटरच्या घाटात रूळ जवळजवळ ३०० मीटर वर चढतात. चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या मानाने हा फारच खडा चढ. त्यामुळे पायथ्याच्या कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ती गाडी ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटी होतात. इंजिनांना इथे थांबणं भाग होतं, म्हणून शेड आली, रेल्वेची वसाहत आली, बाजार वाढला.

सायकलस्वार येतात तेही याच चढासाठी. कसारा घाटाच्या माथ्याजवळ घाटनदेवीचं मंदिर आहे. घाट उतरण्याआधी ट्रकचालक इथे हात जोडतात आणि चढून आलेले सायकलस्वार इथेच दम खातात. नाशिकमध्ये सायकलचं वेड चांगलंच रुजलं आहे. आषाढीच्या सुमारास तिथून पंढरपूरला सायकलवारी निघते. नाशिकचेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत दोघांच्या गटात उतरले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं साधारण ४,८०० किलोमीटरचं अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापलं. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर दोनच वर्षांनी सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली.

पायी चालणाऱ्यांना तर हा तालुका आणि त्याचा शेजार अपुरा पडत नाही. गावाजवळचा त्रिंगलवाडी किल्ला नवख्यांसाठी उत्तम: पायथ्याला जैन लेणं, वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजा. तालुक्याच्या सीमेवर महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. वाट बारी गावातून जाते आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात माथ्यावरच्या देवीला पंचक्रोशीतली माणसं चढून जातात. अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गत्रयी मात्र अनुभवी माणसांसाठी. तिथल्या तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आता दोर लावावा लागतो.

याच कुलंगच्या परिसरातल्या डोंगरांत दारणा नदी उगम पावते, आणि इथून ही गोष्ट थेट परभणीच्या शिवारात येते.

इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणी जिल्ह्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही धड मिळत नाही. घाटमाथा या पावसाची वाटणी करतो. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी भातसा नदीकडे उतरतं आणि मुंबईची तहान भागवतं. पूर्वेला पडलेलं पाणी दारणेतून गोदावरीला मिळतं. दारणेवरचं धरण १९१६ सालचं. पुढे गोदावरीचं पाणी पैठणच्या जायकवाडीत येतं आणि २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यातून पाथरी-मानवतच्या बाजूने परभणीपर्यंत पोचतं. तुटीच्या वर्षी दारणेतून किती पाणी खाली सोडायचं यावर नाशिक आणि मराठवाडा भांडतात. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, मेंढेगिरी समितीने त्याचं सूत्र ठरवून दिलं, तरी वाद कोर्टात जातच राहिले. एका बाजूला द्राक्ष-ऊसवाल्यांची बाजू, दुसऱ्या बाजूला कोरड्या कालव्याची. दोघांनाही जोडणारा डोंगर दोघांनीही पायी पाहायला हवा.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत घाट पार करतात. सायकलला तिथे परवानगी नाही. या बोगद्यामुळे जुना घाटरस्ता, घाटनदेवी, घोटीच्या बाजारातल्या भाताच्या गिरण्या हे सारं बघायला आता मुद्दाम यावं लागेल. येणाऱ्याने पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा, जेवण तिथल्याच घरात करावं आणि कचरा परत न्यावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि धबधब्याच्या तोंडाशी फोटोसाठी जाऊ नये.

सेलूच्या शाळांनी आणि सायकलवेड्या तरुणांनी एक वेगळी सहल आखावी, पाण्यासोबत घरी येण्याची. हिवाळ्याच्या सुरुवातीला रेल्वेने इगतपुरी गाठावी, त्रिंगलवाडी चढावा, मग दारणेच्या कडेने निघावं. वाटेत नांदूर-मधमेश्वरचं पाणपक्ष्यांचं अभयारण्य लागतं. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा, आणि तोवर स्थलांतरित पक्षी उतरू लागलेले असतात. पुढे पैठण, मग कालव्याच्या बाजूबाजूने पाथरी, आणि तिथून सेलू. एकूण रस्ता उताराचाच आहे.