कागदावरचे साडेपंधरा लाख

गेल्या चैत्रातली गोष्ट. शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते. आंब्याची डाळ झाली, पन्हे झाले, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली आणि मी आता उठणार इतक्यात भाऊसाहेब आतून एक छापील कागद घेऊन आले.

"बाई, तुमचा भाचा जर्मनीत आहे ना? मग हे जरा नजरेखालून घाला."

त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरत होते, आणि कागद होता एका सल्लागार कचेरीचा. हिशेब मोठा सुबक होता. परदेशी विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० दिवस काम करता येते. दिवसाचे आठ तास. आणि २०२६ साली तेथील किमान वेतन तासाला १३.९० युरो. गुणाकार १५,५६८ युरो! युरोचा भाव शंभर रुपये धरला की झाले साडेपंधरा लाख.

"जागा गहाण टाकून कर्ज काढतो," भाऊसाहेब म्हणाले, "पोरगा पहिल्या वर्षापासून हप्ते भरील."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त भिंतीकडे पाहिले. त्याच भिंतीवर मुलाच्या वाढत्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत.

मी पडले मराठीची प्राध्यापक. गुणाकार तपासला, तो बिनचूक होता. पण वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आले आहे. म्हटले, "भाऊसाहेब, एक रात्र थांबा."

त्या रात्री दहाला भाच्याला फोन केला. तेथे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. हिशेब ऐकून स्वारी पोट धरधरून हसली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मावशी, १४० ही मर्यादा आहे, पगार नव्हे. सरकार म्हणते, याच्यापुढे जाऊ नकोस. तेवढे काम मिळेल, असे कोणी म्हटलेले नाही!"

मग त्याने मला जो पाठ दिला, तो येथे थोडक्यात देते.

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, हा नियम १ मार्च २०२४ पासूनचा. त्यापूर्वी १२० आणि २४० होते. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली, ग्रंथालयात वा प्रयोगशाळेत मदतनिसाचे काम मिळाले, तर ते या दिवसांत धरत नाहीत. तेथली मुले या कामाला लाडाने 'हिवी' म्हणतात. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली सक्तीची उमेदवारीही मोजत नाहीत. एखाद्या कंपनीत 'वेर्कश्टुडेंट' म्हणून आपल्या विषयाचे काम मिळते. सत्र चालू असताना ते आठवड्याला साधारण वीस तासांच्या आत ठेवायचे. मात्र वेगळी परवानगी काढल्याशिवाय स्वतःचा धंदा करायचा नाही. मग त्या घरगुती शिकवण्या का असेनात.

आता दुसरी बाजू. व्हिसासाठी आधीच एका खास खात्यात वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. म्हणजे पहिल्या वर्षाची भाकरी येथूनच बांधून न्यायची! त्यातून खोलीचे भाडे जाते, दीडशे युरोंच्या घरात आरोग्यविमा जातो. मग जेवण, पुस्तके, हिवाळ्याचा कोट.

भाच्याने पहिल्या हिवाळ्यात एका गोदामात रात्रपाळी धरली होती. रात्री दहा ते सकाळी सहा खोकी बांधायची आणि आठला वर्गात डुलक्या घ्यायच्या. पैसे मिळाले, पण एका विषयात तो नापास झाला. तेथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा मोजक्याच वेळा देता येते. संधी संपल्या की अभ्यासक्रमच संपतो. हे त्याने घरी कधी कळू दिले नव्हते. मलाही ते त्या रात्री प्रथमच कळले. पुढे त्याने गोदाम सोडले आणि विभागातच आठवड्याला दहा तासांचे काम मिळवले. महिना सुमारे सहाशे युरो. "त्यात माझे भाडे आणि भाजी निघत असे, मावशी. कर्जाचा हप्ता नव्हे."

मग खरी संधी कोठे आहे? ती शिक्षण संपल्यावर. जर्मनीत पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहू देतात. त्या काळात त्याला कोणतेही काम करून पोट भरता येते. शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली की पुढचा परवाना. आणि अशी दोन वर्षे नोकरी करून, निवृत्तिनिधीत वर्गणी भरून, भाषेची ठरावीक पायरी गाठली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

पण या दाराला भाषेची कडी आहे. वर्ग इंग्रजीत चालतो, कारखान्यातला फोरमन मात्र जर्मनच बोलतो. भाच्याला चार महिने नकार येत होते. शेवटी एका लहान गावातल्या लहान कारखान्यात मुलाखत झाली. इंग्रजीत सुरू झालेली मुलाखत त्याने स्वतःहून जर्मनमध्ये नेली, आणि समोरच्या वृद्ध गृहस्थाने खुर्ची पुढे ओढली. "तेव्हाच मला कळले, नोकरी मिळाली!"

आणखी एक सावधगिरी. हे नियम दगडावरची रेघ नव्हेत. इंग्लंडचेच पाहा. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहण्याची सवलत त्यांनी २०१२ साली बंद केली, २०२१ साली नव्या नावाने दोन वर्षांची सुरू केली, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती १८ महिन्यांचीच, असे ठरवले. डॉक्टरेटवाल्यांची तीन वर्षे तेवढी कायम. कॅनडाने कामाचे आठवड्याचे वीस तास २०२४ च्या नोव्हेंबरात चोवीस केले. पण त्याच महिन्यापासून शिक्षणोत्तर परवान्याला भाषापरीक्षेची अटही घातली. विमानात बसताना असलेला नियम पदवीदानापर्यंत टिकेलच, असे धरून घर गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे.

परदेशी शिक्षण आपल्याला नवे नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती मुदत तीन वर्षांची होती आणि बदल्यात संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार होता. आज संस्थानिक गेले. त्यांच्या जागी वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड आला. करार तेवढा अलिखित राहिला, आणि तो मुलाच्या छातीवर अधिकच जड बसतो.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी भाऊसाहेबांना सांगितले. कचेरीने सुचवलेली संस्था खाजगी होती, भरमसाट फीची. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गसारखा प्रांत मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतो. भाऊसाहेब बराच वेळ गप्प बसले. मग चिरंजीवच म्हणाले, "बाबा, सहा महिने उशीर झाला तर चालेल. सरकारी विद्यापीठाला अर्ज करतो, तोवर जर्मन शिकतो."

मार्चमध्ये तो निघेल. कर्ज काढावे लागणारच. पण निर्वाहापुरते, जागा गहाण न टाकता. हल्ली रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचे जर्मन क्रियापदांचे पाठांतर ऐकू येते. जन्मभर मुलांना "मराठी नीट शिका" म्हणून सांगत आलेली मी आता जर्मनची कड घेऊन बसले आहे!

परवा वहिनींनी दिवाळीसाठी घराला रंग काढला. रंगाऱ्याला त्यांनी एकच ताकीद दिली. ती पेन्सिलीच्या रेघांची भिंत तेवढी सोडायची.