दशग्रंथी म्हणजे नेमके कोण?

एखाद्या गाढ्या अभ्यासकाचा सत्कार असला की त्याच्या नावामागे ‘दशग्रंथी विद्वान’ हे विशेषण लागतेच. चार वेद आणि सहा शास्त्रे असे दहा ग्रंथ ज्याने कोळून प्यायले तो दशग्रंथी, ही त्यामागची समजूत. (रावणाच्या दहा डोक्यांचा अर्थ लावतानाही हीच बेरीज पुढे येते.) बेरीज जुळते, ग्रंथ मात्र चुकतात. दशग्रंथीचे दहाही ग्रंथ एकाच वेदाच्या परंपरेतले असतात. ऋग्वेद्यांच्या प्रचलित यादीत संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, पाणिनीची अष्टाध्यायी, निघंटू, निरुक्त, छंद आणि ज्योतिष येतात. यातले ज्योतिषही पत्रिका पाहण्याचे नव्हे. ते लगध या प्राचीन आचार्याचे, यज्ञाचा काळ ठरवण्यापुरते गणित. आणि दशग्रंथी ही ब्राह्मणांची पोटजातही नाही. ती पदवी होती आणि कमवावी लागे, जरी कमावण्याची मुभा स्त्रियांना आणि इतर जातींना नव्हती.

खरा घोटाळा ‘विद्वान’ या शब्दाशी आहे. दशग्रंथीने हे ग्रंथ स्वरांसह मुखोद्गत केलेले असत. त्यांचा अर्थ त्याला लागलाच पाहिजे, अशी अट नव्हती. अर्थाचा, वादाचा, टीकेचा प्रांत शास्त्र्यांचा. म्हणून जुन्या व्यवहारात वैदिक आणि शास्त्री हे दोन वेगळे पेशे मानले जात. यावर कोणी म्हणेल, यादीत व्याकरण आणि निरुक्त असताना अर्थ कळणार नाही कसा? पण अष्टाध्यायीची सुमारे 4,000 सूत्रे पाठ असणे वेगळे आणि ती लावता येणे वेगळे. त्यासाठी सिद्धान्तकौमुदी, महाभाष्य अशी निराळीच वाट चालावी लागते. गंमत म्हणजे, अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला यास्काने निरुक्तातच भारवाही खांब म्हटले आहे, आणि दशग्रंथी तेही निरुक्त तोंडपाठ म्हणत.

मग ही नुसती घोकंपट्टी का? हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि मला तो पहिल्याहून जास्त खटकतो. घोकंपट्टी परीक्षेपुरती असते, इथे पाठ हीच जतनाची व्यवस्था होती. वैदिकांमध्ये दशग्रंथीखेरीज घनपाठी ही आणखी एक पदवी आहे. घनपाठात पदे 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 अशी म्हणत पुढच्या पदाकडे सरकायचे. उलटा क्रम आला की वाक्याच्या ओघात अक्षर गाळण्याची सोय उरत नाही, आणि दोन पदांचा संधी दोन्ही बाजूंनी तपासला जातो. बोलत्या संस्कृतातून उदात्त-अनुदात्त स्वर कधीच गेले, वेदपठणात ते टिकले, ते अशा शिस्तीमुळे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ज्या ऋग्वेद हस्तलिखितांची 2007 साली युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंद केली, त्यांतले सर्वांत जुने 1464 सालचे. पाठाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. आणि हे पठणही 2008 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

शब्दाचा अर्थ वापराने बदलतो, तेव्हा आज दशग्रंथी म्हणजे बहुश्रुत असे चालवून घ्यायला काय हरकत, असेही विचारता येईल. भाषणात खुशाल चालवावे. अडचण येते ती जुनी चरित्रे आणि कुलवृत्तांत वाचताना. तिथे ‘दशग्रंथी’ दिसले की आपण त्या माणसाने लिहिलेली पुस्तके आणि त्याची मते शोधू लागतो. शोधायचे असेल तर त्याची शाखा कोणती, गुरू कोण आणि त्याने पुढे कोणाला संथा दिली, हे शोधावे.